गोष्ट लॉकरपाशी अडली आहे, काय करू?

काना_मात्रा | मंगळवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. एका दिवाळी अंकाला कथा द्यायचं जूनमध्ये कबूल करून बसले आहे. मुदत ३१ ऑगस्ट. आज १२ तारीख. साडेतीन पानं झाली आहेत आणि गेले अठरा दिवस ती साडेतीनच आहेत.

थोडक्यात गोष्ट अशी. नलू धायरीत पिठाची गिरणी चालवते. वडील वारलेत. त्यांचं बँकेत लॉकर होतं हे तिला वर्षश्राद्धाच्या सुमारास कळतं, कारण देवघराच्या खणात किल्ली सापडते. ती बँकेत जाते, खाली लॉकरच्या खोलीत एकटी उभी राहते आणि किल्ली फिरवते. पुढे काही नाही.

रोज रात्री ओटा आवरून बसते. 'तिने किल्ली फिरवली' हे वाक्य वाचते. 'फिरवली' खोडून 'वळवली' करते. झोपते. दुसऱ्या दिवशी 'वळवली' खोडून 'फिरवली'. अप्पा बळवंत चौकातून नवी वही आणली, तिच्यावर अजून फक्त माझं नाव आहे. टेबलाची दिशा बदलली, आता खिडकीतून शेजारच्यांचं वाळवण दिसतं आणि तेच बघत बसते.

आजवर पंधरा-वीस कथा लिहिल्यात, असं कधी झालं नव्हतं. तुमचं कधी अडलं आहे का? कसं सुटलं?

(१ ते ४ बंद हा विनोद कोणी करणार असेल तर आधीच हात जोडते.)

---

पेठेतला_पोपट | रात्री ११:१४

१ ते ४ लेखन चालू ठेवून बाकी वेळ बंद ठेवून बघा.

(सॉरी. हात शिवशिवले.)

---

टेकडी_रोज | बुधवार, सकाळी ७:५२

ताई, उठा आणि चाला. हे नुसतं म्हणण्यापुरतं नाही. २०१४ साली स्टॅनफर्डच्या दोन संशोधकांनी प्रयोग करून दाखवलं होतं, बसलेल्या माणसापेक्षा चालणाऱ्याला नव्या कल्पना सरासरी ६० टक्के जास्त सुचल्या. मी वेताळ टेकडीवर रोज जातो. खाणीपर्यंत जाऊन येईतो माझ्या ऑफिसातल्या निम्म्या ईमेल मनात लिहून होतात.

---

उकडीचा | सकाळी ९:३०

टेकडी_रोज, मीही लेखनासाठी म्हणून टेकडीवर जायला लागलो होतो. पहिल्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. दुसऱ्या दिवशी शाळेतले सर. तिसऱ्या दिवशी दोघं एकत्र. पार्किंग, पाण्याचा टँकर, नंतर अमृततुल्य. महिन्यात एक ओळ झाली नाही, वजन मात्र दोन किलो वाढलं.

---

टेकडी_रोज | सकाळी ९:४१

त्याच प्रयोगात लोकांना खोलीत, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवरही चालवलं होतं. तरी फरक पडला. म्हणजे टेकडी नसली तरी चालतं, पाय हलले पाहिजेत. मात्र जिथे एकच नेमकं उत्तर शोधायचं असतं तिथे चालण्याचा उपयोग झाला नाही, उलट किंचित घसरलंच. सुचायला चाला, दुरुस्त करायला बसा.

---

रात्रपाळी | दुपारी १:२०

एक अप्रिय मत मांडतो, हलके घ्या. 'रायटर्स ब्लॉक' वगैरे काही नसतं. आळस असतो, त्याला इंग्रजी नाव दिलं की मान मिळतो. मी एकोणीस वर्षं वर्तमानपत्रात रात्रपाळीचा उपसंपादक आहे. रात्री साडेदहाला पान सोडायचं असतं. 'सुचत नाही' म्हणून चार कॉलम कोरे ठेवले तर दुसऱ्या दिवशी मी घरीच.

अँथनी ट्रोलॉप म्हणून इंग्रज कादंबरीकार होता. टपाल खात्यात नोकरी. पहाटे साडेपाचला बसायचा, समोर घड्याळ, दर पाव तासाला २५० शब्द. असं करत ४७ कादंबऱ्या लिहिल्या, शिवाय नोकरी सांभाळली. त्याला कोणी विचारलं नाही 'मूड आहे का' म्हणून.

आता कामाचं. बातमीची सुरुवात अडली तर मी ती सोडून मधूनच धरतो. कोण म्हणालं, कुठे, किती माणसं होती. खालचं जमलं की वरचं आपोआप येतं, नाही आलं तर दुसरा परिच्छेदच उचलून वर घेतो. दहातल्या सहा वेळा पहिला परिच्छेद नुसता घसा खाकरणं असतो.

---

काना_मात्रा | दुपारी १:५५

रात्रपाळी, ट्रोलॉपसाहेबांना पहाटे उठवून कॉफी आणून द्यायला एक म्हातारा नोकर होता आणि त्याला त्यासाठी वर्षाला पाच पौंड जास्तीचे मिळत. तेही त्यांनीच लिहून ठेवलंय. मी साडेपाचला उठते तेव्हा दूध उतू जाऊ नये म्हणून मीच उभी असते. बाकी 'मधूनच धरा' पटलं, आज बघते.

---

पेठेतला_पोपट | दुपारी २:०३

पाच पौंडांत कॉफीसकट माणूस! आमच्याकडे पेपर टाकणारासुद्धा एवढ्यात जिने चढत नाही.

---

अर्धविराम | दुपारी ४:१८

'रायटर्स ब्लॉक' हा शब्द रूढ केला एडमंड बर्गलर या मनोविश्लेषकाने, १९४७ च्या सुमारास. मूळचा व्हिएन्नाचा, नंतर न्यूयॉर्कला व्यवसाय करायचा. त्याची कारणमीमांसा थेट आईच्या दुधापर्यंत जाते, आज ती फारसं कोणी मानत नाही. शब्द मात्र टिकला.

मराठीत याला काय म्हणावं? 'लेखनकोंडी' मला बरं वाटतं.

---

रात्रपाळी | दुपारी ४:२५

म्हणजे १९४७ च्या आधीचे लेखक मोकळे होते. बघा.

---

उकडीचा | दुपारी ४:३१

शब्दबद्धकोष्ठ. रात्री झोपताना कोमट पाण्यातून दोन चमचे व्याकरण.

---

शून्य_शिल्लक | संध्याकाळी ६:०५

खिक्क, उकडीचा.

ताई, नवी वही हाच घोटाळा आहे. वडिलांचा नारायण पेठेत छोटा छापखाना होता. घरात कोरा कागद कधी नसायचाच, सगळे पाठकोरे. पुढे कोणाच्या तरी मुंजीच्या पत्रिकेचं प्रूफ, मागे माझी गणितं. आजही मला नव्या वहीत लिहिता येत नाही, तिथे अक्षरसुद्धा पाहुण्यांसमोर बसल्यासारखं अंग चोरून येतं. वीजबिलाच्या मागे मात्र भराभर लिहितो. नलूला एक दिवस वीजबिलावर नेऊन बघा. वाईट झालं तर रद्दी आहेच.

---

सुईदोरा | संध्याकाळी ७:४०

रात्रपाळी यांचं पहिलं वाक्य वाचून लिहू की नको असं झालं होतं. लिहितेच.

आई गेल्यावर चौदा महिने मला काही लिहिता आलं नाही. कथा-कविता सोडा, किराण्याची यादीसुद्धा नवरा करायचा. मी पेन धरून बसायचे आणि डोक्यात नुसता घरघर आवाज. झोप तीन तास. सगळे म्हणायचे रोज थोडं लिहीत जा, मन मोकळं होईल. शेवटी वहिनी हाताला धरून डॉक्टरकडे घेऊन गेली. नैराश्य होतं. गोळ्या चालू झाल्या, दर पंधरवड्याला बोलायला जायचे.

पाचेक महिन्यांनी एकदा यादी मीच करायला घेतली. साखर, रवा, चहा. मी कायम 'कोकम' म्हणते, आई आमसुलं म्हणायची. हाताने 'आमसुलं' लिहिलं. तिथेच ओट्यापाशी खाली बसले आणि खूप रडले. त्या रात्री यादीच्या खालीच दीड पान लिहिलं. चांगलं नव्हतं. पण होतं.

काना_मात्राताई, तुमची झोप-भूक ठीक असेल तर हे सगळं तुमच्यासाठी नाही, सोडून द्या. नसेल तर वहीपेक्षा आधी डॉक्टर. आणि हा आळस नव्हता हो, रात्रपाळी.

---

रात्रपाळी | रात्री ११:५० (पान सोडून आलो)

सुईदोराताई, शब्द मागे घेतो. 'आळस' मी माझ्यापुरता वापरला असं समजा. आमच्यातही एकजण होता. साध्या चार ओळींच्या बातमीला दोन तास घ्यायला लागला, आम्ही चेष्टा करायचो. तो का सोडून गेला ते आम्हाला नंतर कळलं. हे दुपारी आठवायला हवं होतं.

---

काना_मात्रा | गुरुवार, सकाळी ६:३५

सुईदोरा, आमसुलांपाशी मीही थांबले. माझी झोप-भूक उत्तम आहे, उलट भूक जरा जास्तच. अडलंय ते फक्त नलूचं. पण तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

काल वीजबिलावर बसले. अर्धं पान झालं! नंतर लक्षात आलं, बिल भरायचं राहिलंय आणि आज शेवटची तारीख आहे.

---

शून्य_शिल्लक | सकाळी ८:१०

त्याची जबाबदारी माझी नाही.

---

तळटीप | सकाळी ११:१५

प्रबंधवाल्यांचा प्रतिनिधी म्हणून हजर. जयकर ग्रंथालयात खिडकीजवळची एक खुर्ची आहे, तिच्यावर मी 'प्रस्तावना' या शब्दाखाली रेघ ओढून सात आठवडे काढले. मार्गदर्शक बाई एकच वाक्य बोलल्या, "जे अजून लिहिलेलंच नाही, त्याची प्रस्तावना कशी लिहिणार तू?" मग पद्धती, मग तक्ते, मग निष्कर्ष. प्रस्तावना शेवटच्या चार दिवसांत.

टोमॅटोचं घड्याळही वापरलं. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने ऐंशीच्या दशकाच्या शेवटी स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून अभ्यास सुरू केला, म्हणून पद्धतीचं नाव पोमोदोरो. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी. मला २५ झेपत नव्हती, १० वर आणली. दहा मिनिटं कोणीही कशालाही तोंड देऊ शकतं, तक्त्यांनासुद्धा.

---

उकडीचा | सकाळी ११:२२

आमच्याकडे कुकरच्या शिट्ट्यांवर चालतं. तीन शिट्ट्यांत परिच्छेद. डाळ शिजली की लेखक उठतो.

---

नेपथ्य | दुपारी १२:४०

मी वयाने इथला सगळ्यात लहान असेन बहुतेक. आमची 'पुरुषोत्तम'ची (कॉलेजांची एकांकिका स्पर्धा) तालीम चालू आहे, लेखक मीच (नाव सांगत नाही, कॉलेजही नाही, इथे परीक्षक असू शकतात). शेवट नव्हता. खरंच नव्हता. दिग्दर्शक ओरडून थकला. भरत नाट्य मंदिरात प्रयोग दहा दिवसांवर.

मग आमच्यातली एकजण म्हणाली, तू बोलू नकोस, आम्ही उभे राहतो. ज्या प्रसंगाला अडलं होतं तिथे दोघांना उभं केलं, वाक्यं देत नाही म्हणाले, तुम्हाला वाटेल ते बोला. फोनवर रेकॉर्ड लावला. वीस मिनिटं निव्वळ भंकस. एकविसाव्या मिनिटाला बापाचं काम करणारा पोरगा म्हणाला, "जेवून जा." बास. तोच शेवट ठेवलाय.

ताई, नलूचं जे काही आहे ते घरात कोणाला तरी उभं करून बोलायला लावा. आणि एक प्रश्न, त्या लॉकरमध्ये आहे काय?

---

काना_मात्रा | दुपारी १२:५२

तिथेच तर घोडं पेंड खातंय. मला माहीत नाही.

---

रात्रपाळी | दुपारी १:०५

तुम्हाला माहीत नाही, नलूला माहीत नाही, आणि वाट बघायला बसलाय संपादक. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दर श्रावणात मराठी लेखकाच्या पोटात गोळा येतो. तुम्ही परंपरा चालवताय.

---

पेठेतला_पोपट | दुपारी १:३०

लॉकरमध्ये: दुसऱ्या लॉकरची किल्ली.

---

उकडीचा | दुपारी १:३३

त्या लॉकरमध्ये: गिरणीचं थकीत वीजबिल, मागच्या बाजूला अर्धी कथा.

---

टेकडी_रोज | दुपारी २:१०

वडिलांच्या दुसऱ्या लग्नाचा फोटो.

---

अर्धविराम | दुपारी २:१४

मालिका नाहीये ती.

---

शून्य_शिल्लक | दुपारी ३:००

अवांतर: तुमच्या नलूच्या वडिलांना लॉकर मिळालं कसं? आमच्या शाखेत चार वर्षं नंबर लावून बसलोय. बहिणीला मिळालं ते अगदी वरच्या रांगेत, तिला स्टूल लागतं.

---

पेठेतला_पोपट | दुपारी ३:०८

अति अवांतर: भिडे पूल पाण्याखाली आहे, खडकवासल्यातून पाणी सोडलंय. डेक्कनकडे येणाऱ्यांनी बघून निघा. लेखनकोंडीपेक्षा मोठी कोंडी आहे.

---

पासबुक | शुक्रवार, सकाळी १०:२५

सहा वर्षं रोमात आहे, म्हणजे नुसता वाचतो. हा पहिलाच प्रतिसाद, चुकलं तर सांभाळून घ्या.

बँकेत ३४ वर्षं काढली, शेवटची अकरा कर्वे रस्त्याच्या बाजूच्या एका शाखेत, तिथे लॉकर माझ्याकडे होती. धागा पहिल्यापासून वाचतोय आणि दोन दिवस हात आवरून बसलो होतो. मॅडम, तुमची नलू किल्ली फिरवते तिथेच चूक आहे. ती फिरणारच नाही.

लॉकरला दोन किल्ल्या लागतात. आधी बँकेची किल्ली आमचा माणूस लावतो, मग ग्राहकाची. ग्राहक हयात असेल तर आमचा माणूस आपली किल्ली फिरवून बाहेर येतो आणि ग्राहक आत एकटा राहतो. तुम्ही बहुधा तेच बघितलंय. पण इथे ग्राहक वारलेत. मुलगी नॉमिनी असली तरी नुसती किल्ली घेऊन आली म्हणून आत सोडत नाहीत. मृत्यूचा दाखला, ओळखीचे कागद, अर्ज. मग दिवस ठरतो. त्या दिवशी त्या छोट्या खोलीत मुलगी असते, दोन स्वतंत्र साक्षीदार असतात आणि लॉकरच्या कामाशी संबंध नसलेला बँकेचा एक अधिकारी असतो. आत जे निघेल त्याची यादी करायची. यादी झाल्याशिवाय वस्तू हलत नाही.

यादी कशी होते ते सांगतो. एकजण वस्तू उचलून मोठ्याने बोलतो, दुसरा लिहितो. आमच्याकडे 'सोन्याची बांगडी' असं कधी लिहीत नसू. आम्ही काय सोनार आहोत? 'पिवळ्या धातूची बांगडी, नग २' असं लिहायचं. खडा असला तर 'लाल खडा'. माणिक म्हणायचं नाही. मुली समोर उभ्या असायच्या, त्यांच्या आईच्या पाटल्या आम्ही 'पिवळा धातू' म्हणून मांडायचो, त्या मान डोलवायच्या. एकदा डबीतून लहान मुलाचे दात निघाले. अधिकारी नवा होता, म्हणाला हे काय लिहू? मी म्हटलं, लिही, 'दुधाचे दात, नग ४'. समोरचा मुलगा पन्नाशीचा होता. त्याचेच असावेत.

अजून एक, तुमच्या कामाला येईल. आत एखादं चिकटवलेलं, बंद पाकीट निघालं तर नॉमिनीच्या ताब्यात देताना बँक ते उघडत नाही. यादीत फक्त 'बंद पाकीट, नग १'.

लिखाणातलं मला काही कळत नाही. मुळात बायकोच्या आग्रहावरून इथे खातं काढलं होतं.

---

नेपथ्य | सकाळी १०:३१

काका!!! 🙏

---

रात्रपाळी | सकाळी १०:४०

सहा वर्षं गप्प बसून हा माणूस पहिल्याच प्रतिसादात धागा जिंकून गेला.

---

सुईदोरा | सकाळी ११:०२

'दुधाचे दात, नग ४'. पासबुककाका, वाचून बराच वेळ स्क्रोल केलं नाही.

---

काना_मात्रा | सकाळी ११:३०

काका, मला काय म्हणावं ते कळत नाहीये. अठरा-वीस दिवस मी तिला त्या खोलीत एकटी उभी केली होती, कारण दुःख म्हटलं की बाई एकटी, अंधुक दिवा, किल्लीचा आवाज. असलं मी शंभरदा वाचलंय, म्हणून हात चालत नव्हता बहुतेक. आणि खरं तर तिथे चार माणसं दाटीवाटीने उभी आहेत आणि कोणीतरी तिच्या वडिलांच्या वस्तू मोठ्याने वाचून दाखवतंय!

साक्षीदार कोण आणेल ती? गिरणीतलेच कोणी?

---

पासबुक | दुपारी १२:१५

आणू शकते. वाटेकरी नको, कोणी तरी त्रयस्थ असावा. बँकेत वेळ लागतो हे आधी सांगून आणावा, नाहीतर साक्षीदार 'दळण राहिलंय' म्हणून उठतो. झालेलं आहे असं.

---

रात्रपाळी | दुपारी १:१०

तर सिद्ध झालं: ब्लॉक नव्हता, चौकशी कमी पडली होती. बातमीचंही तेच असतं, परिच्छेद हलत नसेल तर एक फोन करायचा राहिलेला असतो.

---

अर्धविराम | दुपारी १:२२

या धाग्यापुरतं सिद्ध झालं. सुईदोरांची कुठली चौकशी कमी पडली होती? नेपथ्यने कोणाला फोन केला? तुम्ही प्रत्येक कुलपाला एकच किल्ली लावताय.

---

रात्रपाळी | दुपारी १:२५

मान्य. बँकेची वेगळी, ग्राहकाची वेगळी.

---

तळटीप | दुपारी २:००

माझ्या खुर्चीवर आज दुसरं कोणीतरी बसलंय आणि गेला पाऊण तास एकाच शब्दाखाली रेघ ओढतंय. जाऊन सांगू का?

---

उकडीचा | दुपारी २:०४

नको. सात आठवडे थांब.

---

काना_मात्रा | मंगळवार २६, रात्री १०:२०

धागा वर काढतेय. नऊ पानं झाली. 'तिने किल्ली फिरवली' हे वाक्य गेलं. साक्षीदार म्हणून शेजारचे इस्त्रीवाले आलेत आणि ज्वारी दळायला येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका. त्या अधिकाऱ्याचं मराठी शुद्धलेखन मनातल्या मनात तपासताहेत, मला त्या फार आवडायला लागल्यात. बंद पाकीट यादीत आलंय. ते घरी नेऊन उघडायचं की नाही यावर नलूचं आणि माझं जमत नाहीये, पण ते भांडण चालू आहे, कोंडी नाही.

पासबुककाका, एक अडचण. चांदीची फुलपात्रं आहेत दोन. काय लिहू? आणि वजन?

---

पासबुक | रात्री १०:३४

'पांढऱ्या धातूचे फुलपात्र, नग २'. वजन घालू नका. आम्ही कधी काटा घेऊन खाली गेलो नाही.

---

उकडीचा | रात्री १०:३९

बँकेत नसेल. गिरणीत आहे की काटा. घरी गेल्यावर नलूच करेल वजन.

---

काना_मात्रा | रात्री १०:४०

उकडीचा, हे मी घेतेय. परत मिळणार नाही. शुभ रात्री.